उतारावरचा मार्कर

गद्रेबाईंवर माझा राग आहे. तो असायला नको हे मला कळतं. चूक माझी होती, ती मी लिहून दिली, माणसांसमोर वाचून दाखवली. तरी राग आहे. पुण्यात आल्यापासून ज्यांच्या ज्यांच्याशी माझा व्यवहार झाला, त्या प्रत्येकाकडून मी काही ना काही सोडवून घेतलं. जागेचा मालक, पत्र्याचा दुकानदार, बँकेतला साहेब, सगळे कुठे ना कुठे खाली आले. या एकट्या बाई तसूभरही खाली आल्या नाहीत. आणि मी त्यांच्याकडून काय सोडवून घ्यायला बघत होतो ते आठवलं, की आजही मान वर होत नाही.

माझं वारज्याला छोटं वर्कशॉप आहे. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे, ते खालच्या पंपाला वायरशिवाय कळवणारं यंत्र आम्ही बनवतो. टाकीवर एक डबी, पंपाजवळ एक डबी. दोघी रेडिओवर एकमेकींशी बोलतात. मी वाशीमकडचा. आयटीआय करून आलो, टीव्हीचे रिमोट दुरुस्त करत करत इथवर पोचलो. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो, अशी माझी सवय आहे. बाईंनी ते पहिल्याच दिवशी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. आता यंत्र सुरू करा."

यंत्र म्हणजे स्पेक्ट्रम ॲनालायझर. रेडिओच्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. हे यंत्र त्या पडद्यावर डोंगरासारख्या काढून दाखवतं. आडवी फ्रिक्वेन्सी, उभी ताकद, ती डीबी या मापात. त्या डोंगरावर आपल्याला हवा तिथे एक छोटासा हिरा ठेवता येतो. त्याला मार्कर म्हणतात. मार्कर जिथे असेल तिथला आकडा पडद्याच्या कोपऱ्यात उमटतो. नवं यंत्र घ्यायची माझी ऐपत नव्हती. भोसरीच्या एका व्यापाऱ्याकडे जुनं होतं. अर्धा दिवस घासाघीस केली, तीनदा उठून दारापर्यंत गेलो, शेवटी तो वैतागून हो म्हणाला. यंत्र घरी आलेल्या सुनेसारखं मी टेबलावर ठेवलं. तेव्हा धायरीच्या एका ओळखीच्या वर्कशॉपवाल्याने सांगितलं, वापरायच्या आधी गद्रेबाईंना दाखव. बाईंनी एका प्रयोगशाळेत तीस-बत्तीस वर्षं फक्त मोजण्याचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर शिवण्यापासून धायरीपर्यंतचे आमच्यासारखे छोटे लोक त्यांना दिवसाच्या बोलीवर बोलवत.

त्या शनिवार पेठेतून बसने आल्या. बुटक्या, ताठ, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून एक चपटी उशी निघाली, ती त्यांनी स्टुलावर ठेवली. मग जुन्या टॉवेलात गुंडाळलेली स्वतःची केबल. मग एक लहानसा पाना, जो ठरावीक जोर लागला की टक् करून सुटतो, म्हणजे जोडणी सैलही राहत नाही आणि जास्त आवळलीही जात नाही. यंत्र सुरू केलं आणि बाई स्वस्थ बसल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी विचारलं, काही अडचण आहे का. म्हणाल्या, यंत्र अर्धा तास तापू द्यायचं, त्याआधी हात लावायचा नाही. मी म्हटलं, बाई, दिवसाचे पैसे घेणार, त्यातला अर्धा तास बसून?

"मीसुद्धा सकाळी उठल्या उठल्या कुणाशी बोलत नाही," बाई म्हणाल्या. "ते तर यंत्र आहे."

त्या अर्ध्या तासात त्या कागद तयार करत. ही त्यांची पद्धत मी इथे नीट सांगतो, कारण पुढे सगळं तिच्यामुळेच घडलं. दिवसाला जितकी मापं घ्यायची तितके कागद त्या मोजून घेत. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख, केबलचा नंबर, यंत्र किती वाजता सुरू केलं ते लिहीत आणि खाली आपली सही करून ठेवत. वर मधोमध जागा मोकळी. माप झालं की छोट्या प्रिंटरमधून आलेला पडद्याचा छापील तुकडा त्या जागी चिकटवायचा आणि आकडा हाताने लिहायचा. प्रयोगशाळेत अशीच रीत होती म्हणे. सही आधी, म्हणजे आकडा आवडला नाही म्हणून सही नाकारता येत नाही. दिवसाच्या शेवटी एखादा कागद उरला, तर तो त्या स्वतः फाडत.

अर्ध्या तासाने त्यांनी यंत्राचाच एक ठरलेल्या ताकदीचा सिग्नल केबलने यंत्राला जोडला आणि 'पीक सर्च'चं बटण दाबलं. ते दाबलं की मार्कर आपोआप सगळ्यात उंच टोकावर जाऊन बसतो. कोपऱ्यात आकडा आला. बाईंनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"इंगोले, आपण भाव किती पाडलात?"

मी अभिमानाने सांगितलं.

"यंत्रही त्या मानाने पडलंय. अडीच डीबी कमी दाखवतंय."

आणि त्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीवर सुवाच्य अक्षरात 'प्रत्येक आकड्यात अडीच मिळवावे' असं लिहून ती यंत्राच्या कपाळावर लावली. मी भोसरीच्या व्यापाऱ्याला फोन करून नाही नाही ते बोललो. रागात माझी भाषा वऱ्हाडी होते. बाई ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, त्या व्यापाऱ्याने आपल्याला फसवलं नाही, आपण विचारलंच नव्हतं.

त्यांच्या रोजाबद्दलही मी घासाघीस केलीच. मला राहवत नाही. त्या लगेच तयार झाल्या. म्हणाल्या, कमी करते की. दहाऐवजी सात मापं घेईन, कुठली तीन सोडायची ते फक्त आपण सांगा. मी पूर्ण रोज दिला. त्यानंतर तो विषय मी काढला नाही, पण मनात एक सल राहिला, की ही बाई माझ्याशी भाव करत नाही.

महिन्यातून तीन-चार दिवस त्या येऊ लागल्या. आमच्याकडे तेव्हा मंगेश जोडणीचं बघायचा आणि सुनंदाताई सोल्डरिंग करायच्या. आजही दोघं आहेत. त्या दोघांना बाई 'अहो' म्हणत, मलाही 'अहो' म्हणत. फरक एवढाच, की त्यांना म्हणताना आवाजात ऊब असायची. बरोबर एक वाजता डबा. सुनंदाताईंच्या ठेच्याला त्यांनी पहिल्यांदा 'जहाल' म्हटलं आणि दुसऱ्यांदा मागितला. सुनंदाताई दिवसभर त्या बारीक टिपक्यांवर डोळे लावून बसतात हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. बाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं, तासातासाने उठायचं आणि खिडकीतून टेकडीकडे बघायचं. मी म्हटलं, कामाचा वेळ जातो. बाई म्हणाल्या, डोळे गेले तर सगळाच वेळ मोकळा मिळेल.

एकदा मी त्यांच्या आधी यंत्राशी खेळत होतो. केबल काढून अँटेना लावली, आमची डबी समोर ठेवली, पीक सर्च दाबलं. मार्कर एका उत्तुंग टोकावर जाऊन बसला. मी मंगेशला हाक मारली, सुनंदाताईंना हाक मारली, बघा म्हटलं, आपल्या डबीचा काय जोर आहे. पेढे आणायलाही सांगणार होतो. तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि एक अक्षर न बोलता आमच्या डबीची बॅटरी काढली. टोक जागच्या जागी.

"हा समोरच्या इमारतीवरचा मोबाईलचा टॉवर आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यात उंच असेल ते आपलंच, असं समजायची माणसाला सवय असते. बटणाला काय माहीत?"

मग त्यांनी पडद्यावर अगदी डावीकडे, टॉवरच्या पायथ्याशी, एक बुटकं टोक दाखवलं. 'नेक्स्ट पीक'चं बटण दोनदा दाबून मार्कर तिथे आणला, बॅटरी लावली, काढली, पुन्हा लावली. ते टोक उगवत होतं, मावळत होतं. मंगेश हसला. मी त्याच्यावर ओरडलो.

त्या मंगेशला शिकवायच्या ते मी दुरून ऐकायचो. मालकाने शिकायला बसणं मला बरं वाटायचं नाही. कुणी आकडा सांगितला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: मार्कर कुठे होता? आकडा नंतर. मंगेश आधी आकडा सांगायचा, त्या ऐकल्यासारखंच करायच्या नाहीत. दोन मार्करांमधला फरक मोजायचा तर एक जागेवर ठेवून दुसरा सरकवायचा, हे शिकवताना म्हणायच्या, दोन माणसांची उंची ताडायची असेल तर दोघांना एकाच फरशीवर उभं करा. एकाला पाटावर उभं करून दुसऱ्याला बुटका म्हणू नका. माझ्याबद्दल काही बोलायचं असलं तरी त्या मंगेशलाच सांगत, मी ऐकेन अशा आवाजात.

आता त्या दिवसाकडे येतो.

एका पंप बनवणाऱ्या कंपनीची मोठी ऑर्डर माझ्याकडे येऊ घातली होती. तिथले शिर्के साहेब माल पारखायचे. त्यांची अट होती: नमुन्याच्या डब्या आणि प्रत्येक डबीचा गद्रेबाईंच्या सहीचा कागद. माझा कागद नको, बाईंचा. रेडिओ ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो तिच्या दुपटीवरही त्याचा थोडा नको असलेला आवाज निघतो. त्याला हार्मॉनिक म्हणतात आणि तो ठरलेल्या मर्यादेच्या खाली असावा लागतो. बाईंनी सहा डब्या मोजल्या. पाच उत्तीर्ण. सहावी तीन डीबीने नापास. त्यांनी ती पुन्हा मोजली, केबल काढून जोडून मोजली. नापास.

मी म्हटलं, बाई, परवा माल द्यायचा आहे, सहा म्हणजे सहा. त्या म्हणाल्या, हार्मॉनिक अडवणारा एक कपॅसिटर बदलावा लागेल, आठवडा मागून घ्या. मी म्हटलं, आठवडा मागितला तर शिर्के दुसऱ्याकडे जातील. मग मी जे म्हटलं ते इथे लिहिताना बोट अडतं. मी म्हटलं, मार्कर जरासा बाजूला घेतला तर? डोंगराच्या अगदी टोकावरच कशाला हवा? थोडा उतारावर. दोन पावलं सरकवली की आकडा सहा डीबीने खाली येतो, मी करून पाहिलं आहे.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "मग डबी कशाला बनवायची? नुसता मार्करच विका."

त्या दिवशी एक कागद उरला होता. त्यांनी सात तयार केले होते. नापास डबीचा कागद त्यांनी रागाने स्वतःच्या पिशवीत टाकला, आणि सातवा, तारीख-सहीसकट कोरा, टेबलावर राहिला. बाई बसच्या घाईत होत्या. दारातून परत वळल्या, त्या कागदाकडे हात केला. मी म्हटलं, असू द्या, मी फाडतो.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आयुष्यात एवढा स्वस्त सौदा मला कधी मिळाला नव्हता.

त्या गेल्यावर मी सहावी डबी जोडली, मार्कर टोकावर नेला आणि चकती फिरवून दोन पावलं खाली उतरवला. छापील तुकडा काढला, कोऱ्या जागेत चिकटवला, बाईंसारख्या अक्षरात आकडा लिहिला. मंगेश पलीकडे काम करत होता. त्याने पाहिलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

चार दिवसांनी शिर्के साहेब कागद घेऊन वर्कशॉपमध्ये आले. बाई त्या दिवशी आमच्याकडेच होत्या, यंत्र तापत होतं, त्या उशीवर बसून कागद तयार करत होत्या. मंगेश होता, सुनंदाताई होत्या. शिर्क्यांनी सहावा कागद बाईंसमोर ठेवला आणि बोट ठेवलं. डोंगराचं टोक एकीकडे, मार्करचा हिरा शेजारच्या उतारावर. जाणणाऱ्याला एका नजरेत दिसेल इतकं उघड. मलाच ते दिसलं नव्हतं; मी फक्त आकडा पाहिला होता.

"बाई, ही सही आपली?" शिर्क्यांनी विचारलं.

"सही माझी आहे."

"आणि हा मार्कर?"

बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या बघत होत्या तेवढा वेळ मला होता. दोन सेकंद असतील. आणि मी हसून म्हणालो, "साहेब, बाईंचं वय झालंय आता. नजर चुकते कधी कधी. मी स्वतः पुन्हा मोजून देतो ना."

बाईंनी पेन्सिल ठेवली. त्या दिवशी तयार केलेले सगळे कागद एकावर एक घेऊन मधोमध फाडले. केबल टॉवेलात गुंडाळली, पाना, उशी पिशवीत ठेवली. शिर्क्यांना नमस्कार केला आणि जिना उतरून गेल्या.

ऑर्डर मला मिळाली. कपॅसिटर बदलला, आठवडा मागितला, शिर्क्यांनी दिला. मागितला असता तर आधीही दिला असता. हे समजल्यावर तरी माणसाने गप्प बसावं. मी उलटंच केलं. जो भेटेल त्याला सांगत सुटलो, की बाई काम अर्ध्यावर टाकून निघून गेल्या, मला तोंडघशी पाडलं, वयाने माणूस हट्टी होतो. सांगता सांगता ते मला खरं वाटायला लागलं. अडीच वर्षं खरं वाटत होतं. धायरीवाल्याने त्यांना बोलवणं बंद केलं, शिवण्याच्या दोघांनी बंद केलं. मला ऐकू येत होतं आणि मनातून थोडं बरंही वाटत होतं, की माझ्या बाजूला माणसं आहेत.

मग मागच्या वर्षी शिर्क्यांच्या कंपनीत आम्हा माल पुरवणाऱ्यांची बैठक होती. चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, मोजमापाला चांगलं माणूस कोण आहे, त्या गद्रेबाई अजून करतात का? शिर्के म्हणाले, "छे, त्यांची नजर गेली बिचाऱ्यांची." माझ्या हातात समोसा होता. ते वाक्य मी बनवलं होतं. आता ते माझ्याशिवाय फिरत होतं, त्याला पाय फुटले होते, आणि त्यात 'बिचाऱ्या' हा शब्द वाढला होता. बाईंना कुणी बिचाऱ्या म्हणावं? मी तो समोसा तसाच बशीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शनिवार पेठेत गेलो. दुसरा मजला, दारावर 'बेल एकदाच वाजवावी'. बाईंनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. मी आल्या आल्या म्हटलं, बाई, कामाला या, दुप्पट रोज देतो. त्या म्हणाल्या, काम नको. तिप्पट म्हटलं. त्या उठून गॅस बंद करून आल्या. मग मी विचारलं, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत? सांगितलं असतंत तर शिर्क्यांनी तुमचं ऐकलं असतं.

"कोऱ्या कागदावर सही ठेवून गेले, ती माझी चूक. तेवढी मी मान्य केली," बाई म्हणाल्या. "उरलेली आपली होती. ती मी कशी सांगणार? आपण सांगाल म्हणून मी बघत होते."

त्या दोन सेकंदांबद्दल त्या बोलत होत्या.

मी म्हटलं, शिर्क्यांना पत्र लिहितो. आठवड्याने पत्र घेऊन गेलो. 'माझ्याकडून नजरचुकीने मार्कर योग्य जागी ठेवला गेला नाही व त्यामुळे गद्रेबाईंबद्दल गैरसमज झाला, याबद्दल दिलगीर आहे.' वकिलाकडून तपासून घेतलं होतं. बाईंनी ते एकदा वाचलं, टोकापासून टोकापर्यंत, बोट न ठेवता. परत माझ्या हातात दिलं.

"इंगोले, हाही आकडा बाजूचाच आहे."

माझं डोकं फिरलं. मी जिन्यात उभा राहून ओरडलो. "माफी मागून राहिलो ना मी! अजून काय पायजे तुमाले?" खालच्या मजल्यावरचं दार उघडलं, कुणीतरी डोकावलं.

बाई दारातच होत्या. म्हणाल्या, "आपण माफी मागत नाही, भाव करताय," आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही.

तो राग महिनाभर टिकला. मग टिकेना. रात्रंदिवस ते एकच वाक्य. मी आयुष्यभर जे करत आलो, ज्याचा मला गर्व होता, त्याचंच नाव त्यांनी घेतलं होतं आणि ते बरोबर होतं. मी दुसरं पत्र लिहिलं. वकील नाही, टायपिंग नाही. कागद कसा उरला, फाडतो म्हणून कसा ठेवून घेतला, चकती किती फिरवली, अक्षर कसं काढलं, कुणासमोर काय बोललो आणि नंतर कुणाकुणाला काय सांगत फिरलो. दीड पान झालं. बाईंनी ते वाचलं, घडी घातली. मला वाटलं संपलं. म्हणाल्या, "हे आपण शिर्क्यांना पाठवा. पण त्याआधी जिथे बोललात तिथे वाचा. जे होते त्यांच्यासमोर." मी म्हटलं, पत्र पुरे नाही का? हे म्हणताना माझं मलाच ऐकू आलं, आणि मी हात पुढे करून पत्र परत घेतलं.

शनिवारी सगळे जमले. शिर्के यायला तयार नव्हते, फोनवर सांगा म्हणाले. मी गाडी घेऊन त्यांना आणायला गेलो. बाई बसने आल्या. या वेळी पिशवीतून उशी काढली नाही, सुनंदाताईंनी पुढे केलेल्या खुर्चीवर बसल्या. मी यंत्रासमोर उभा राहून वाचायला लागलो. आवाज सुरुवातीला मोठा होता. चकतीपर्यंत आलो तेव्हा मंगेश जमिनीकडे बघत होता. त्यावरून मला कळलं, की त्याने तेव्हा पाहिलं होतं आणि तो अडीच वर्षं माझ्याकडे पगार घेत गप्प होता, माझ्या धाकाने. तेही माझ्याच खात्यावर. वाचत वाचत शेवटपर्यंत आलो, सही वाचली, तारीख वाचली, कागद खाली घेतला.

"एक ओळ राहिली," बाई म्हणाल्या.

मी विचारलं, कुठली? मला माहीत होतं. वाचताना ती ओळ डोळ्यांसमोर आली होती आणि मी तिच्यावरून पुढच्या ओळीवर गेलो होतो, इतक्या सहज, की जीभ अडखळलीही नाही. बाईंनी पत्र एकदाच वाचलं होतं. कुठली ते त्यांनी सांगितलं नाही. पंखा फिरत होता. शिर्के घड्याळाकडे बघायचं टाळत होते.

मी कागद पुन्हा वर घेतला आणि वाचलं. "बाईंचं वय झालंय, नजर चुकते, असं मी म्हणालो. त्यांची नजर कधीच चुकली नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं."

बाई उठल्या. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. झालं म्हणतील, जाऊ द्या म्हणतील. लोक म्हणतात. त्या सुनंदाताईंना म्हणाल्या, चष्मा लागला वाटतं, चांगला दिसतो. शिर्के पुढे होऊन ओशाळल्यासारखे म्हणाले, आमच्या लॅबला याल का, कधीही या. विचार करून सांगते, असं बाईंनी सांगितलं. अजून सांगितलेलं नाही, असं ऐकतो. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. मी म्हटलं, गाडीने सोडतो. मान हलवून नको म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

मी खिडकीत गेलो. बाईंनी हात वर करून वाहनं थांबवली, रस्ता ओलांडला आणि थांब्यावरच्या गर्दीत मागे उभ्या राहिल्या. कॉलेजची मुलं होती, दोन बायका होत्या, सगळे वाकून वाकून रस्त्याकडे बघत होते. लांब पुलापाशी एक बस वळली. नंबर कुणालाच दिसत नव्हता. मला तर बसही धड दिसत नव्हती. बाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं, पिशवी खांद्यावर सारखी केली आणि गर्दीतून वाट काढत पुढे येऊन उभ्या राहिल्या. मुलं जागची हलली नाहीत. बस जवळ आली, थांबली. ती त्यांचीच होती.